पाळीची नोंद : अंदाज कशाचा, उपयोग कशाचा

बाई कोणत्याही तक्रारीसाठी दवाखान्यात गेली तरी एक प्रश्न ठरलेला असतो : शेवटची पाळी कधी आली होती? उत्तरं बहुतेक वेळा सणावारांच्या आधाराने येतात. संकष्टीच्या आदल्या दिवशी, नागपंचमीला माहेरी होते तेव्हा, वटपौर्णिमेनंतर चार दिवसांनी. या अंदाजपंचे उत्तरावर बरंच काही उभं राहतं. बाळंतपणाची तारीख त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात, सोनोग्राफी कधी करायची ते त्यावर ठरतं, आणि गर्भपाताच्या कायद्यातली २० आणि २४ आठवड्यांची मर्यादाही आधी याच हिशेबाने धरतात, मग सोनोग्राफीने ताडून पाहतात. एवढं महत्त्व असलेली ही तारीख घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, एका छोट्या फुलीने नोंदलेली असते. किंवा नोंदलेलीच नसते. आता ती फोनमधल्या अ‍ॅपमध्ये गेली आहे, आणि अ‍ॅप पुढची तारीखही सांगतं. पाळीची नोंद ठेवण्याची गेल्या शंभर वर्षांतली सगळी धडपड पाहिली तर एक गोष्ट दिसते. पुढचं सांगण्यासाठी ही नोंद फारशी भरवशाची नाही. मागचं समजून घेण्यासाठी मात्र तिच्यासारखं स्वस्त साधन नाही. आणि आपण तिचा वापर नेमका उलटा करत आलो आहोत.

सुरुवात २८ या आकड्यापासून करायला हवी. पुस्तकातलं चक्र २८ दिवसांचं असतं आणि अंडमोचन, म्हणजे बीज सुटणं, चौदाव्या दिवशी होतं. प्रत्यक्षात? २०१९ साली एका अ‍ॅपच्या नोंदींवरून सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांच्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबी निघाली २९.३ दिवस, आणि बरोब्बर २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्के. त्याच्या कितीतरी आधी, १९३४ पासून, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅलन ट्रेलोर यांनी विद्यार्थिनींना पाळीच्या तारखा लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्यातल्या अनेकींनी वर्षानुवर्षं कार्डं भरून पाठवली. १९६७ साली त्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पाळी सुरू झाल्यावरची काही वर्षं आणि ती जाण्याआधीची काही वर्षं चक्र सगळ्यात जास्त हेलकावतं, आणि मधल्या स्थिर काळातही एकाच स्त्रीचं चक्र दर महिन्याला सारखं येत नाही. आज स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना २४ ते ३८ दिवसांच्या अंतराला सामान्य मानते. चौतीस दिवसांनी नियमित पाळी येणारी मुलगी ‘लेट’ नसते. तिचं चक्रच चौतीस दिवसांचं असतं. तरी अशा किती मुलींना आयांनी ‘पाळी आणायच्या’ गोळ्या घ्यायला लावल्या असतील!

हे हेलकावे येतात कुठून? चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक सुटतं, अंडाशयातल्या काही पुटिका वाढू लागतात, त्यांतली एक पुढे जाते, इस्ट्रोजेन वाढतं आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ लागतं. इस्ट्रोजेन पुरेसं वर गेलं की एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची एकदम उसळी येते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं. दुसऱ्या भागात रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड होतं, ते प्रोजेस्टेरॉन बनवतं, अस्तर टिकवून धरतं. गर्भ रुजला नाही तर पीतपिंड आटतं, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर सुटतं, पाळी येते. दुसरा भाग बऱ्यापैकी बांधलेला असतो, सरासरी बारा-तेरा दिवसांचा. लांबतो-आखडतो तो मुख्यतः पहिला. आजारपण, झपाट्याने घटलेलं किंवा वाढलेलं वजन, मोठा मानसिक धक्का, थायरॉइडचा बिघाड, पीसीओएस, या सगळ्यांचा परिणाम बहुधा तिथे होतो. म्हणजे ‘परीक्षेमुळे पाळी लांबली’ याचा खरा अर्थ परीक्षेमुळे अंडमोचन लांबलं. पाळी त्यानंतर आपल्या ठरलेल्या वेळीच आली.

हे एवढं लक्षात घेतलं की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. पाळी आल्यावर मागे मोजलं तर बीज केव्हा सुटलं असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. या पाळीपासून पुढे मोजलं तर नाही, कारण मध्ये नेमका तो लवचीक भाग येतो.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी डॉक्टरांचं तर मुळातच उलटं होतं. कुत्रीला माजावर असताना रक्त जातं, त्यावरून त्यांनी स्त्रीचाही फलनकाळ पाळीच्या आसपास धरला आणि मूल नको असलेल्या जोडप्यांना महिन्याच्या मधले दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले. या सल्ल्यातून किती मुलं जन्मली असतील, कोण जाणे. आपल्याकडे धर्मशास्त्राने पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्री ऋतुकाल मानला आणि पहिल्या चार वर्ज्य केल्या. उरलेल्या बारा रात्रींत बहुतेकींचा फलनकाळ येतो, हे त्यातल्या त्यात जमलेलं. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी हा भाग मात्र निव्वळ हौसेचा.

कोडं सुटलं ते जपानमध्ये. निइगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांची अंडाशयं पाहिली, आणि आधीच्या पाळीशी नव्हे तर नंतरच्या पाळीशी त्यांचा मेळ घातला. १९२४ साली त्यांनी मांडलं की अंडमोचन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होतं. ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस वेगळ्या वाटेने जवळपास त्याच निष्कर्षाला पोचले. ओगिनोंचा हेतू मूल हवं असणाऱ्यांना मदत करण्याचा होता. आपल्या शोधाचा वापर मूल टाळण्यासाठी व्हावा हे त्यांना पसंत नव्हतं. पण जगाने नेमकं तेच उचललं. कॅथलिक चर्चला कृत्रिम साधनं नको होती, आणि ‘सुरक्षित काळ’ ही चालण्याजोगी सवलत होती. पद्धत अशी : सहा महिने ते वर्षभर तारखा लिहायच्या, सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करायचे, सगळ्यात मोठ्यातून ११. चक्र २६ ते ३१ दिवसांमध्ये फिरत असेल तर आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत जपायचं. मागे पाहून मिळालेलं ज्ञान पुढे फेकलं गेलं ते असं.

स्वतंत्र भारतातला या पद्धतीचा प्रयोग आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे, पण तो सांगण्यासारखा आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या विचारांच्या. त्यांना कृत्रिम साधनांपेक्षा संयमाचा मार्ग मान्य होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने अमेरिकी डॉक्टर अब्राहम स्टोन आले, आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे सुरक्षित काळाचे प्रयोग सुरू झाले. अक्षरओळख नसलेल्या बायकांसाठी रंगीत मण्यांच्या माळा तयार केल्या : रोज एक मणी सरकवायचा, मण्याच्या रंगावरून दिवस धोक्याचा की बिनधोक ते ओळखायचं. प्रयोग फसला. त्याचे किस्से नंतर कुटुंब नियोजनाच्या वर्तुळात चवीने सांगितले गेले : अंधारात रंग दिसत नव्हते, कुणी मणी सरकवणं हाच तोडगा समजलं. या किश्श्यांमागे अडाणी बाईला हसण्याचा सूर आहे, आणि तो मला पटत नाही. माळ सरकवणं तिच्या हातात होतं, पण धोक्याच्या दिवशी ‘आज नको’ म्हणणं कितपत होतं? शिवाय जिची चक्रं बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांत मुळातच अनियमित होती, तिला स्थिर चक्राचं गणित दिलं होतं.

माळ मात्र पुढे सुधारून परत आली. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात संशोधकांनी गणित उलटं लावलं : कोणती स्त्री या पद्धतीला योग्य, हे आधी ठरवलं. चक्र २६ ते ३२ दिवसांचंच असेल तर आठवा ते एकोणिसावा दिवस टाळायचा. बत्तीस मण्यांची माळ, एक लाल, मग सहा तपकिरी, बारा पांढरे, पुन्हा तेरा तपकिरी, त्यांतला एक गडद, आणि रोज पुढे सरकणारं रबरी कडं. २००२ साली आलेल्या निकालात, काटेकोर वापर करणाऱ्या शंभर स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे पाच गर्भधारणा, रोजच्या जगण्यातल्या वापरात बारा. भारतात ती ‘मालाचक्र’ नावाने काही राज्यांत पोचली. माझ्या मते तिची खरी कमाई वेगळीच आहे. गडद मण्याच्या आधी पाळी आली किंवा शेवटच्या मण्यापर्यंत आलीच नाही, तर ‘तुझं चक्र या पद्धतीत बसत नाही’ हे माळच सांगते. साधनाने स्वतःची मर्यादा दाखवणं हे नंतरच्या अ‍ॅप्सना इतक्या सहज जमलेलं नाही.

तारखांपेक्षा शरीराच्या खुणा जास्त बोलतात. अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत चढतं आणि पाळीपर्यंत चढंच राहतं. पाळीच्या चक्राबरोबर तापमान बदलतं हे अमेरिकी डॉक्टर मेरी पुटनम जेकोबी यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. पाळीत स्त्रियांना सक्तीची विश्रांती लागते या समजुतीला त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण तापमान अंडमोचन झाल्यावर चढतं, म्हणजे हीसुद्धा मागची बातमी. शिवाय अंथरुणातून उठण्याआधी मोजायचं. पहाटे चारला नळाला पाणी येतं म्हणून उठणाऱ्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या बाईचा आलेख काय येणार? दुसरी खूण योनीमार्गातल्या स्रावाची. अंडमोचन जवळ आलं की तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, पारदर्शक, ताणला जाणारा होतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने त्यावर पूर्ण पद्धत उभी केली. ही एकच खूण थोडी आधी मिळते, म्हणून मोलाची. आपल्याकडे मात्र ‘अंगावरून पांढरं जाणं’ म्हटलं की आजारच, अशी समजूत पक्की असल्याने कित्येकींना या निरोगी स्रावाचीही भीती वाटते. तापमान आणि स्राव दोन्ही नीट शिकून वापरणाऱ्या जर्मन स्त्रियांच्या २००७ च्या अभ्यासात फसण्याचं प्रमाण फारच कमी निघालं, पण त्या स्त्रिया प्रशिक्षित आणि उत्साही होत्या. औषधाच्या दुकानात मिळणारी अंडमोचनाची पट्टी एलएचची उसळी पकडते. मूल हवं असणाऱ्यांना ती उपयोगी, पण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वर असू शकतं आणि पट्टी फसवते.

फलनकाळाचं गणित १९९५ मध्ये अ‍ॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी पक्कं केलं : अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. पण हे सहा दिवस येणार केव्हा? त्याच गटाच्या २००० सालच्या अभ्यासात पुस्तकाप्रमाणे दहा ते सतरा या दिवसांच्या आत ज्यांचा फलनकाळ पूर्ण बसला, अशा स्त्रिया फक्त ३० टक्के होत्या. चक्र नियमित असणाऱ्याही त्यात होत्या.

मग अ‍ॅप काय करतं? बहुतेक अ‍ॅप्स मागच्या तारखांची सरासरी काढून गुलाबी रंगात पुढची तारीख दाखवतात. म्हणजे ओगिनोंचं कॅलेंडरच, फक्त देखणं. तापमान वापरणारं नॅचरल सायकल्स हे स्वीडिश अ‍ॅप मात्र गर्भनिरोधक म्हणून युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मान्य झालं. त्याच सुमाराला स्टॉकहोममधल्या एका रुग्णालयात चार महिन्यांत गर्भपातासाठी आलेल्या ६६८ जणींपैकी ३७ जणी ते वापरत असल्याचं समोर आलं आणि गदारोळ झाला. स्वीडनच्या औषध नियामकाने तपासून सांगितलं की फसण्याचं प्रमाण कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वर्षाला शंभरात सात हा आकडा छापील मजकुरात लहान वाटतो, आणि वापरणाऱ्या लाखो असल्या की त्याच आकड्याची रांग दवाखान्याबाहेर लागते. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने ‘अतिशय अचूक’ म्हणणारी त्यांची जाहिरात थांबवली, ते योग्यच झालं.

अ‍ॅपचा दुसरा प्रश्न विश्वासाचा. दहा कोटींहून जास्त जणींनी वापरलेल्या फ्लो या अ‍ॅपने पाळी आणि गर्भधारणेची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. पुढच्या वर्षी तिथे गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि चुकलेल्या पाळीची नोंद उद्या पुरावा ठरेल, या धास्तीने अनेकींनी अ‍ॅप्स काढून टाकली. भारताच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहितीला वेगळा, जास्त कडक दर्जा नाही.

पण आपल्याकडे पाळीची माहिती फुटण्यासाठी कंपनी कशाला लागते? ज्या घरात शिवाशिव आहे तिथे बाईची तारीख सासऱ्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. ती देवघरापासून लांब राहते, चटई वेगळी टाकते. गडचिरोलीतल्या माडिया गावांत पाळीच्या वेगळ्या झोपडीत, कुरमाघरात, जाते. तारखेवर एवढी नजर, आणि रक्तस्राव किती, दुखणं किती, याबद्दल एक अक्षर नाही. सत्यनारायण किंवा गौरी आल्या की पाळी पुढे ढकलायची गोळी घरातलंच कुणीतरी आणून देतं. ती गोळी प्रोजेस्टेरॉनचं काम करून अस्तर धरून ठेवते, आणि ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे त्यांनी ती डॉक्टरला न विचारता घेऊ नये, हे मात्र सांगायचं राहून जातं.

नोंदीचा खरा उपयोग इथे सुरू होतो. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्या सोसत होत्या, कारण ‘बायकांना असंच असतं’. आज महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. आहार हे त्याचं कारण सगळे सांगतात. दर महिन्याला किती रक्त जातं, हे क्वचितच कुणी विचारतं. सात-आठ दिवसांपेक्षा लांबलेली पाळी, दर तासा-दोन तासाला बदलावं लागणारं कापड किंवा पॅड, मोठ्या गाठी, रात्री उठून बदलावं लागणं, हे तीन महिने नुसतं लिहून ठेवलं तरी डॉक्टरला दिशा मिळते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये किशोरींची पाळी ही नाडी-रक्तदाबासारखी प्रकृतीची खूण मानावी असं म्हटलं, ते यासाठीच.

नोंद नसली आणि ऐकणारं कुणी नसलं तर काय होतं, हे बीडमध्ये दिसलं. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सुमारे सतरा टक्के. देशभरातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय एवढ्यावर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालेल्या यांत होत्या. यावर डायरी हा उपाय आहे असं म्हणणं क्रूर ठरेल. कोयत्यावर नवरा-बायकोची जोडी धरतात, उचल आधीच घेतलेली असते, खाडा झाला की दंड बसतो, फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीच नको, असं तिला वाटण्यामागे हिशेब आहे, आणि तो तिने बरोबर केलेला आहे. पण संसर्ग, गाठ आणि संप्रेरकांचा चढउतार यांतला फरक शस्त्रक्रियेआधी तपासणं डॉक्टरचं काम होतं. ते करायचं तर आधी बाईला दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात.

मनाच्या बाबतीत नोंदीचं महत्त्व आणखी वाढतं, कारण तिथे आठवण दगा देते. पाळीआधीच्या तीव्र मानसिक त्रासाचं निदान करताना किमान दोन चक्रं रोजच्या रोज नोंद हवी असा दंडक आहे. मागे वळून विचारलं तर चिडचिड पाळीच्या नावावर सहज खपते. कधी नोंदीत दिसतं की त्रास पाळीनंतरही तसाच असतो, आणि मूळ दुखणं वेगळंच निघतं. याउलट चक्राच्या टप्प्याप्रमाणे आहार, बिया आणि व्यायाम बदलण्याचं जे फॅड समाजमाध्यमांवर आहे, त्याला म्हणण्यासारखा आधार नाही. व्यायामक्षमतेवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा फरक नगण्य निघाला. एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जुळतात, हा १९७१ चा गाजलेला निष्कर्षही नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही.

एकीच्या वहीच्या पलीकडे हजारोंच्या नोंदी एकत्र आल्या की काय होतं, त्याचं चांगलं उदाहरण करोनाच्या काळातलं. एप्रिल २०२१ मध्ये पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नका, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. सरकारने तो खोटा ठरवला. पण पाळी मागे-पुढे झाल्याचं स्त्रिया सांगत होत्या, आणि त्यांना आधी झटकून टाकलं गेलं. २०२२ मध्ये सुमारे चार हजार स्त्रियांच्या अ‍ॅपमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा चक्र सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबल्याचं दिसलं. बायका खरं सांगत होत्या, आणि घाबरण्याचं कारणही नव्हतं.

घरातल्या मोठ्या बायकांकडून हे ज्ञान मिळेल ही अपेक्षा थोडी अन्यायाची आहे. मालीतल्या डोगॉन स्त्रियांवरच्या अभ्यासात आयुष्यभरात साधारण शंभर पाळ्या मोजल्या गेल्या. आजच्या शहरी स्त्रीला चारशेच्या आसपास येतात. आठ बाळंतपणं आणि मधली अंगावर पाजण्याची वर्षं यांत गेलेल्या पणजीला सलग दहा वर्षं दरमहा पाळी येण्याचा अनुभवच कदाचित नसेल. तेव्हा चाळिशीनंतर चक्र सात-सात दिवसांनी मागेपुढे होऊ लागलं की पाळी जाण्याची तयारी सुरू झाली, सलग बारा महिने आली नाही की ती गेली, आणि त्यानंतर पुन्हा लाल दिसलं तर कितीही थोडं असलं तरी दाखवायचं, हे तिच्याकडून कळणार नाही.

सरकारी लक्ष गेल्या दशकात जवळजवळ पूर्णपणे पॅडवर राहिलं. महाराष्ट्रात २०१८ च्या महिलादिनी अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटीही गेला. दोन्ही गरजेचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही ठळकपणे येतो तो आकडा स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचा. पाळीचं चक्र दहावीच्या विज्ञानात येतं, तोवर वर्गातल्या बहुतेकींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, हे तेव्हा सांगून फारसा उपयोग नाही. पॅडच्या पाकिटात बारा महिन्यांचा एक छापील तक्ता घालायला किती खर्च येईल? तारीख, किती दिवस, किती जड, किती दुखलं, एवढे चार रकाने पुरतात. त्यात पुढच्या पाळीची तारीख सांगणारा रकाना नसला तरी चालेल.